दुपारची लिबेरा

डोंगरावरच्या मोन्ते सांत आंजेलो गावात देवदूताला घरची कामं सांगतात. खुद्द महादूत मिखाएलची गुहा गावाच्या पोटात, तेव्हा एवढी सलगी चालायचीच. गावात दर दुसरा पुरुष त्याच्याच नावाचा, मिकेले. बाजारात एकदा 'मिकेले' म्हणून ओरडलं की निम्मा बाजार वळून बघतो आणि उरलेल्या निम्म्यातल्या बायका आपल्या नवऱ्याला कोण हाक मारतंय ते बघतात. मुलगा जर्मनीला कारखान्यात निघाला की आई जन्मापासून आपल्या पाठीशी असलेला राखणदार देवदूत त्याच्याबरोबर धाडते. दूध चुलीवर ठेवून शेजारी जायचं असलं तरी 'बघ रे जरा' म्हणून त्यालाच उभं करते. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

लिबेराच्या आजीचा मात्र एक नियम होता. कामाला धाडलेल्या देवदूताला संध्याकाळच्या प्रार्थनेत हाक मारून घरी बोलवायचं, त्याचे आभार मानायचे. "गड्यालासुद्धा संध्याकाळी 'आता जा घरी' म्हणावं लागतं," आजी म्हणायची. "हा तर देवाघरचा. सांगेपर्यंत जागा सोडायचा नाही."

लिबेरा आणि तिची मोठी बहीण ग्राझिया, दोघी बिनलग्नाच्या, वरच्या आळीतल्या पांढऱ्या घरांच्या रांगेत राहत होत्या. ग्राझियाने आयुष्यभर गावातल्या नवऱ्या मुलींचे झगे शिवले. दोन वर्षांपूर्वी शिवता शिवताच तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, हात गेला, उठणं-बसणं गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि हाताचं बळही तिच्यातच उतरलं असं लिबेराला वाटायचं.

लिबेरा यात्रेकरूंच्या दुकानांसाठी मिठाई करायची. दोन पातळ पापुद्रे, मध्ये मधात शिजवलेले बदाम. पहाटेपासून कढईवर उभं राहायचं, उकळता मध बोटांवर उडायचा. त्याच बोटांनी मग बहिणीला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं.

"हात आहेत की खवणी?" ग्राझिया विचारायची. "हळू. मी बदाम नाही."

"बदाम बोलत तरी नाहीत," लिबेरा म्हणायची.

भांडण रोजचं होतं आणि दोघींना त्याची सवय होती. पण दोन वर्षांत लिबेराला या घराबाहेर एक अख्खी दुपार मिळाली नव्हती.

पहिल्या वेळी काम खरंच होतं. बदाम संपले होते, औषध संपत आलं होतं, दोन्ही खाली समुद्रकाठच्या मान्फ्रेदोनियाला मिळायचं. शेजारची नुन्झिआता काकू बसायला येणार होती, ती ऐन वेळी लेकीकडे गेली.

"तुला एकटीला कसं टाकून जाऊ?" लिबेरा म्हणाली.

"तुझ्या देवदूताला बसव की. तो गप्प तरी बसेल. नुन्झिआता आली की माझे कान दुखतात."

ग्राझिया थट्टा करत होती. लिबेराने मात्र उंबऱ्यात उभं राहून, लहानपणी शिकवलं होतं तसं, अगदी मनापासून म्हटलं, "बस रे बाबा ताईजवळ. पाणीबिणी मागितलं तर बघ." आणि ती निघाली.

जेवणं झाली की गाव झडपा लावून घेतं. त्या वेळेला इथे उलटी वेळ म्हणतात. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, आणि त्या वेळी बाहेर पडणारं माणूस शहाणं समजलं जात नाही. लिबेराला वळणावळणाच्या रस्त्याने खाली नेणाऱ्या बसमध्ये ती आणि पेंगुळलेला ड्रायव्हर, दोघंच होते.

काम लगेच झालं. परतीच्या बसला वेळ होता म्हणून ती धक्क्यावर बसली. कागदाच्या पुडीत तळलेले मासे घेतले. समोर समुद्र होता. तिला कोणी हाक मारत नव्हतं, कोणी पाणी मागत नव्हतं. मासे संपले तरी ती तशीच बसून राहिली, आणि आपण सुखात आहोत हे लक्षात येताच तिने रिकामी पुडी चुरगाळून टाकली. वर डोंगरावर बहीण चिमणीच्या पिल्लासारखी चोच उघडून पडलेली असेल, आणि ही इथे बोटं चाटतेय.

घरी आली तेव्हा ग्राझिया खुशीत होती. तिने एक टोमणासुद्धा मारला नाही.

रात्री दोघी नेहमीप्रमाणे मोठ्याने प्रार्थना म्हणू लागल्या. देवदूताची ओळ आली. त्याला हाक मारायला लिबेराने तोंड उघडलं, आणि छातीवर जोडलेल्या हातांना माशांचा वास आला. कोणत्या तोंडाने त्याला बोलवायचं? आपण मजा मारत होतो आणि तो आपली जागा राखत होता. तिने ओळ गिळली आणि फक्त 'आमेन' म्हटलं.

"आज देवदूताला विसरलीस?" ग्राझियाने विचारलं.

"दमलेय गं."

पुढच्या आठवड्यात बदाम संपले नव्हते. तरी ती गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोनदा गेली. प्रत्येक वेळी उंबऱ्यात उभी राहून त्याला बसायला सांगायची, आणि प्रत्येक रात्री ती ओळ गाळायची. शरम वाढत गेली तशी प्रार्थनाच सुटली. ओठ हलवायचे आणि झोपायचं.

मग एकदा ती परत आली तर ग्राझियाच्या उशीला नवा अभ्रा होता.

"हा कोणी घातला?"

"कोणी म्हणजे? तूच." ग्राझिया डोळे मिटून म्हणाली. "दुपारी तुझा हात किती हलका असतो गं. सकाळी कुठे जातो तो?"

तिला भास होतायत, नुन्झिआता काकू येऊन गेली असेल, असं लिबेराने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी बाहेर कपडे वाळत घालताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल दुपारी तुम्ही आला होता का हो काकू, आमच्याकडे?"

"मी? उलट्या वेळेला?" नुन्झिआताने चिमटे तोंडातून काढले. "आणि तू होतीस की घरात. मला भिंतीतून ऐकू येत होतं, ग्राझियाला काहीतरी म्हणून दाखवत होतीस. आवाज चांगला आहे हो तुझा. चर्चमध्ये मिस्साला का नाही गात?"

लिबेराला गाता येत नव्हतं. लहानपणी चर्चच्या गायक मुलींतून तिला काढून टाकलं होतं, आणि ते नुन्झिआतालाही ठाऊक होतं.

त्यानंतर आठ-दहा दिवस ती कुठेही गेली नाही. दुपारभर बहिणीच्या खाटेजवळ बसली, आपल्या हातांना तेल लावून ते मऊ केले, जमेल तितक्या हळुवारपणे तिला वळवलं. ग्राझिया भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिने खाणं कमी केलं. पडून पडून झालेल्या पाठीच्या जखमा, ज्या गेल्या महिन्यात कोरड्या पडत चालल्या होत्या, त्या पुन्हा ओल्या झाल्या.

"मी काय केलं म्हणून रुसलीस?" शेवटी लिबेराने विचारलं.

"रुसले नाही. दुपारी तू वेगळी असायचीस. आता सकाळसारखीच असतेस."

लिबेराने तेलाची वाटी उचलली. राग आला, भीती वाटली, आणि सगळ्यात आधी आली ती असूया. आपल्याच बहिणीने आपल्यापेक्षा बरी लिबेरा पाहिली होती. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा शाल घेतली. ताईच्याच भल्यासाठी जातेय, असं ती स्वतःला सांगत होती. आठवड्याभरात जखमा भरल्या. डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले, "काय लावतेस तरी काय? गुण आहे हं तुझ्या हाताला." लिबेराने मान खाली घातली. डॉक्टरांना तो विनय वाटला.

त्या हिवाळ्यात समुद्रावरून वर चढणारं धुकं फार दाट होतं. एकदा बस अर्ध्यातूनच परत फिरली आणि लिबेरा लवकर घरी आली. दाराशी तिला ग्राझियाचं हसू ऐकू आलं. तसं खळखळून हसताना तिने बहिणीला कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. हसू थांबलं. मग एक हलका आवाज काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत, पण आवाज लिबेराने ओळखला. आपलाच आवाज बाहेरून ऐकताना माणसाला तो जरा परका वाटतो, तेवढाच परका होता.

"लिबे, तुझे हात किती गार गं," ग्राझिया आत म्हणाली.

लिबेराने दार ढकललं. खोलीत ग्राझिया एकटीच होती. खाटेजवळची खुर्ची खाटेला अगदी चिकटून होती. ग्राझियाचे केस नुकतेच विंचरून त्यांची चार पेडांची वेणी घातलेली होती. आई घालायची तशी. ती वेणी आईकडून फक्त ग्राझिया शिकली होती, आणि तिचा हात निकामी होऊन दोन वर्षं झाली होती.

"पुन्हा का आलीस?" ग्राझियाने विचारलं. मग तिने लिबेराच्या शालीकडे, धुक्याने ओल्या झालेल्या तिच्या केसांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि डोळे मिटले.

वसंतात ग्राझियाला दुसरा झटका आला. बोलणं जड झालं, पण गेलं नाही. एका सकाळी डॉक्टर लिबेराला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले, "आजचा दिवस. फार तर उद्याची सकाळ. फादरना सांगून ठेव."

तिने निरोप धाडला. कढई उतरवून ठेवली. दुपारपर्यंत बहिणीच्या ओठांना ओला बोळा लावत बसली. गावाच्या झडपा एकेक करून लागल्या.

"लिबे," ग्राझिया म्हणाली. "आज ती नको."

"कोण ती?"

"वेड पांघरू नकोस. मला कधीचं माहीत आहे." ती थांबली, श्वास गोळा केला. "फार चांगली आहे ती. कधी चिडत नाही. कधी उसासा टाकत नाही. पण तिच्याशी भांडता येत नाही गं. आज तू बस. हात चिकट असले तरी चालतील."

"बसते ना," लिबेरा म्हणाली. "आधी पाणी आणते ताजं."

ती स्वयंपाकघरात गेली. तांब्या हातात घेतला. बाहेरच्या खोलीतून तो घरघरणारा श्वास येत होता, आणि प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईल की नाही म्हणून तिचा जीव टांगणीला लागत होता. हे आपल्याला बघवणार नाही, असं तिला वाटलं. मग तिने तांब्या खाली ठेवला, शाल घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

या वेळी तिने कोणाला बसायला सांगितलंही नाही.

ती परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. घराचं दार उघडं होतं. आत मेणबत्त्या, आळीतल्या बायका, जपमाळेचा गजर. परतीची बस चुकली, हे वाक्य ती वाटेत घोकत आली होती. ते कोणी विचारलंच नाही.

"किती शांत गेली," नुन्झिआता कोणालातरी सांगत होती. "लिबेराने शेवटपर्यंत हात सोडला नाही. फादरनी शेवटचं पवित्र तेल लावलं तेव्हा सगळ्या प्रार्थनांना हिनेच उत्तरं दिली. डोळेही हिनेच मिटवले. बहीण असावी तर अशी."

"काकू," लिबेरा म्हणाली.

नुन्झिआता वळली, दचकली. "अगं, तू आत होतीस ना? इकडून कशी आलीस?" मग तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "बस जरा. गार पडलीयेस नुसती."

ग्राझियाच्या चेहऱ्यावर वेदनेची रेघ नव्हती. डावा हात पांघरुणावर होता, बोटं अर्धवट वळलेली, कोणाचा तरी हात धरून ठेवल्यासारखी. लिबेराने आपला हात त्या बोटांत घालून पाहिला. तिचा हात मोठा होता. बसला नाही.

अंत्यविधीला सगळं गाव आलं. प्रत्येकाने तिचे हात हातात घेऊन तिच्या सेवेचं कौतुक केलं. नाही, मी नव्हते, मी तिला टाकून गेले होते, असं ती एकदोघांना म्हणालीही. लोकांनी डोळे पुसले. दुःखात माणूस असंच बोलतं, म्हणाले.

त्या रात्री तिने कितीतरी महिन्यांनी प्रार्थना पूर्ण म्हटली. देवदूताला हाक मारली, आभार मानले, घरी ये म्हणाली. पुन्हा म्हटलं. मोठ्याने म्हटलं. ग्राझियाची रिकामी खाट समोर होती. कोणी आलं असेल तर तिला कळलं नाही.

त्यानंतरच्या दिवसांत काही बारीक गोष्टी घडल्या. पावाच्या दुकानात ती रांगेत उभी असताना बाई तिच्या मागच्या गिऱ्हाइकाशी बोलायची. "पाव," लिबेरा म्हणायची. बाई गोंधळून बघायची. "आत्ताच नेलास ना तू? आणि बरी दिसतेस हो आता. चेहऱ्यावर तेज आलंय." घरी पाव नसायचा. बसचा ड्रायव्हर ती हात करत असताना पुढे निघून गेला. नुन्झिआता लिबेराच्या घराकडे तोंड करून म्हणाली, "गात जा अशीच, लिबेरा. घर भरल्यासारखं वाटतं."

लिबेरा त्या वेळी अंगणात, तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

शनिवारी दुपारी ती चर्चमध्ये गेली. पापनिवेदन केल्याशिवाय आता तिला घास गिळवत नव्हता. एका माणसाला तरी खरं सांगायचं होतं. कोणीतरी 'तू वाईट केलंस' म्हणायला हवं होतं, म्हणजे मग माफीही मिळाली असती.

फादर चेलेस्तीनो पापनिवेदनाच्या लाकडी कपाटासारख्या खोलीत, मधल्या खणात बसले होते. दोन्ही बाजूंना पडदे. डावीकडच्या पडद्याखाली कोणाच्या तरी बुटांचे तळवे दिसत होते. लिबेरा उजवीकडे गुडघे टेकून बसली. फादर आणि तिच्यामधल्या जाळीवरची फळी बंद होती. पलीकडचं ऐकू येऊ नये म्हणून इथल्या बायका अशा वेळी जप पुटपुटतात. तिनेही सुरुवात केली.

पण पलीकडची बाई रडत होती. लिबेराला बहीण गेल्यापासून जसं रडायचं होतं आणि जमत नव्हतं, तसं रडत होती.

लिबेराचा जप थांबला.

"ती म्हणाली, आज तू बस," पलीकडचा आवाज म्हणाला. "हात चिकट असले तरी चालतील म्हणाली. आणि मी पाणी आणते म्हणून गेले, फादर."

लिबेराने दोन्ही हातांनी लाकडाची कड धरली.

"सगळ्यांना वाटतं मी तिथे होते. मी धक्क्यावर होते. बस चुकली असं मी ठरवून ठेवलं होतं सांगायला. बस चुकली नव्हती, फादर. बस आली होती. दार उघडलं. ड्रायव्हरने दोनदा हाक मारली. सगळं आटपल्यावरच घरी जावं, म्हणून मी चढले नाही."

हे लिबेराने कोणाला सांगितलं नव्हतं. फादरना सांगायचं की नाही, हेही तिने ठरवलं नव्हतं.

 फादरचा आवाज आला, थकलेला आणि फार मायेचा. "तुला खरंच पश्चात्ताप झालाय, पोरी. तुझ्या बहिणीनेही तुला माफ केलं असेल." आणि त्यांनी पापक्षमेचे शब्द म्हटले. एकही शब्द गाळला नाही. लिबेराने ते सगळे ऐकले.

पलीकडचा पडदा सरकला. पावलं हळू हळू दाराकडे गेली. उन्हात गेली.

मग तिच्या बाजूची फळी उघडली. जाळीपलीकडे फादरचा कान होता, पांढरे केस होते.

"बोल, बाळ," ते म्हणाले.

"फादर, मी लिबेरा," ती म्हणाली. "आत्ता आली होती ती मी नव्हे. मी आहे ती."

फादर कान देऊन ऐकत राहिले.

"फादर."

त्यांनी जाळीला डोळा लावला. तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून त्यांनी आत पाहिलं, इकडे, तिकडे.

"कोणी आहे का?" त्यांनी विचारलं.

ती ओरडली.

फादर आणखी थोडा वेळ थांबले, आणि मग त्यांनी सावकाश फळी लावून घेतली.